गाडीमा स्वारी शे

सुरतेला जायचं ठरल्यावर आमच्या सोसायटीत अकरा जणांनी मला एकच विनोद ऐकवला. "काय, सुरत लुटायला निघालात वाटतं?" पहिल्या तिघांना मी मनापासून हसून दाखवलं, पुढच्या सातांना नुसते दात दाखवले, आणि अकराव्याने तोंड उघडताच "हो, लुटायलाच" असं म्हणून जिना उतरलो. खरं तर आम्ही निघालो होतो मुलीच्या लग्नातल्या मानपानाच्या साड्या घ्यायला. चाळीस साड्या. या मोहिमेत लुटलं कोण जाणार, हे घराला कुलूप लावतानाच स्पष्ट होतं.

शिवाजी महाराज १६६४ च्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० च्या ऑक्टोबरात सुरतेवर चालून गेले, ते घोडदळ घेऊन. आम्ही गेलो अहिंसा एक्स्प्रेसने. हे मी विनोदासाठी रचलेलं नाही. पुण्याहून सुरतेवरून अहमदाबादला जाणाऱ्या एका गाडीचं नावच तसं आहे. रेल्वेला अधूनमधून आमच्या सोसायटीपेक्षा बरे विनोद सुचतात.

निघण्याआधी भाच्याने माझ्या फोनमध्ये टॅक्सी-रिक्षा बोलावायचं अ‍ॅप घालून दिलं. हा भाचा कंपनीच्या कामासाठी जगभर हिंडतो आणि त्याचा एक सिद्धान्त आहे. "मामा, चौदा देश झाले, पण मी एकाही टॅक्सीवाल्याशी एक शब्द बोललेलो नाही." हे तो अशा अभिमानाने सांगतो, जशा आमच्या आत्या चातुर्मासातलं मौन सांगायच्या. त्याच्या फोनमध्ये देशवार अ‍ॅपं आहेत. सिंगापूर-बँकॉकला ग्रॅब, चीनमध्ये डीडी, दुबईला करीम, मॉस्कोत यांडेक्स. ग्रामदैवतांसारखंच आहे ते. वेशीबाहेर गेलं की मागच्या गावचा देव पावत नाही, पुढच्या गावच्या देवाला नारळ फोडायचा. लंडनमध्ये काळ्या टॅक्सीचा परवाना हवा असेल तर चेरिंग क्रॉसच्या सहा मैलांच्या टापूतले सुमारे २५ हजार रस्ते तोंडपाठ करून परीक्षा द्यावी लागते, हे मी त्याला मोठ्या कौतुकाने सांगितलं. तो म्हणाला, "बिचारे. फोन नाही का त्यांच्याकडे?" टोकियोत मात्र त्याची एकदा फजिती झाली. तिथल्या टॅक्सीचं मागचं दार ड्रायव्हर आपल्या जागेवरून उघडतो आणि बंद करतो. आमच्या भाचेसाहेबांनी उतरल्यावर ते पुणेरी संस्काराने धाडकन आपटलं. ड्रायव्हरने बाहेर येऊन दाराला इजा झाली का ते पाहिलं आणि याला कमरेत वाकून नमस्कार केला. इतका अपमान आपला कधीच झाला नव्हता, असं तो म्हणतो.

"तुम्ही फक्त ओटीपी सांगायचा, बसायचं, उतरायचं," त्याने मला समजावलं. "भाषा नको, घासाघीस नको. तोंड उघडायचं कारणच नाही."

"मग तुझे मामा चार दिवस जगतील कसे?" हिने विचारलं.

सुरत स्टेशनाबाहेर भल्या पहाटे पाय ठेवला आणि सात रिक्षावाले आमच्याकडे धावत आले. मी पुणेकर आहे. रिक्षावाल्यापुढे आपण जाऊन उभं राहायचं, आपला पत्ता अर्जासारखा सादर करायचा, आणि त्याने समोरच्या झाडाकडे बघत तो फेटाळायचा, या रीतीत मी लहानाचा मोठा झालो. इथे सात माणसं एकाच वेळी "काका, क्यां जवानुं?" असं विचारत होती आणि त्यातल्या एकाने तर बॅगही उचलली होती. आपण वरपक्षाकडचे असल्यासारखं वाटायला लागलं. मी एकाला मीटरबद्दल विचारलं. त्याने मीटरकडे अशा नजरेने पाहिलं, जसं आपण भिंतीवरच्या पणजोबांच्या तसबिरीकडे पाहतो. म्हणजे आदर आहे, पण सल्ला विचारायचा काही प्रश्न नाही.

"दोढसो," तो म्हणाला.

पण माझ्याकडे अ‍ॅप होतं. सातही उत्सुक माणसांना मी हाताने वारलं, थोडा पुढे जाऊन उभा राहिलो आणि बटण दाबलं. ब्याण्णव रुपये. रिक्षा चार मिनिटांवर. हिच्याकडे मी विजयी मुद्रेने पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला.

"हां भाई, क्यां ऊभा छो?"

आता माझं गुजराती. मराठी वाक्याच्या शेवटी 'छे' लावलं की गुजराती होतं, अशी माझी पन्नास वर्षांची श्रद्धा आहे. मी म्हणालो, "हूं स्टेशनच्या बाहेर उभा छे."

"बाहर क्यां?"

"बाहर म्हणजे आत नाही छे."

हा संवाद बराच वेळ चालला. त्याचा आवाज मला दोन्ही कानांनी ऐकू येत होता. उजव्या कानाला फोनमधून, डाव्या कानाला कुठून तरी मागून. नेटवर्कचा दोष असेल म्हणून मी फोन डाव्या कानाला लावला, तर आवाज उजवीकडून यायला लागला. शेवटी हिने माझ्या हातातून फोन घेतला, "अहो, मागे वळा" असं शुद्ध मराठीत सांगितलं, आणि मी आणि रिक्षावाला दोघेही एकदम मागे वळलो. तो दीडशेवाला होता. आमच्यात दहा पावलांचं अंतर होतं. फोनवर मात्र तो अजून चार मिनिटांवर होता.

थोडा वेळ आम्ही दोघे अवघडून उभे राहिलो. नकार दिलेलं स्थळच दुसऱ्या मध्यस्थामार्फत पुन्हा आलं की दोन्हीकडच्यांची होते तशी अवस्था होती. मग त्याने तोडगा काढला. "केन्सल करी दो ने काका. सीधा बेसी जाव, एकसो वीस." मी म्हणालो, तुम्ही कॅन्सल करा. तो म्हणाला, तुम्ही करा. रिक्षा रद्द करण्याच्या बाबतीत लखनौच्या नवाबांनाही लाजवेल असा आदब या देशात निर्माण झाला आहे. दोघेही दुसऱ्याला पुढे करतात, कारण जो आधी बोट लावील त्याच्या नावावर काळी खूण पडते. अखेर ब्याण्णवातच त्याने आम्हाला हॉटेलवर सोडलं. मी शंभराची नोट दिली. सुट्टे नव्हते. आठ रुपयांत त्याने आपला मान राखला आणि मी माझा.

तेव्हापासून मला एक कळून चुकलं आहे. पूर्वी टॅक्सी-रिक्षाशी घासाघीस 'किती' या शब्दावर व्हायची. अ‍ॅपने ती मिटवली आणि तिच्या जागी 'कुठे' आणून बसवली. 'किती'ला निदान उत्तर असायचं.

सुरतेत तर या 'कुठे'ची गंमत काही औरच. दुसऱ्या दिवशी रिंग रोडवरच्या कापड मार्केटातून बाहेर पडलो तेव्हा ड्रायव्हरने फोनवर सांगितलं, "सहारा दरवाजा पासे ऊभा रहो." मी दरवाजा शोधायला लागलो. आमच्याकडे शनिवारवाड्याला दिल्ली दरवाजा आहे, तो चांगला खिळ्यांनिशी उभा आहे. दरवाजा म्हटल्यावर माणूस दरवाजाच शोधणार. वर उड्डाणपूल होता, खाली हातगाड्या होत्या, टेम्पोत पार्सलं चढत होती, आणि दरवाजा कुठेच नव्हता. एका पानवाल्याला विचारलं, "सहारा दरवाजा कुठे छे?" तो म्हणाला, "तमे दरवाजामां ज ऊभा छो."

या रिंग रोडवर अठवा गेट आहे, मजुरा गेट आहे, उधना दरवाजा आहे, सहारा दरवाजा आहे. मला चार दिवसांत त्यांतल्या एकाचीही चौकट दिसली नाही. आणि गंमत अशी की या सगळ्या दरवाजांच्या मुळाशी आपलीच माणसं आहेत. सुरतेला पूर्वी मातीचा तट होता. १६६४ ची स्वारी झाली आणि औरंगजेबाच्या दरबाराला जाग आली. मातीच्या जागी विटांचा तट उभा राहिला. पुढे शहर वाढलं तसा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याबाहेर आणखी एक तट आला. तट आले म्हणून दरवाजे आले. मग तट गेले, दरवाजे गेले, नावं तेवढी उरली. आणि साडेतीनशे वर्षांनी एक मराठी माणूस डोक्यावर साड्यांचा गठ्ठा घेऊन, भर उन्हात, फोनवर "मला दरवाजा सापडत नाही छे" म्हणून ओरडतो आहे. सुरतकरांनी फिटंफाट केली, असंच म्हणायला हवं.

ती रिक्षा मला अखेर सापडली नाही. किंवा मी तिला सापडलो नाही. मग शटल रिक्षा. शटल रिक्षाला अ‍ॅप लागत नाही, मीटर लागत नाही, ठिकाणही नीटसं लागत नाही. हात केला की थांबते, आणि आत जागा नाही असं कधीच होत नाही. मागे तीन बसले आहेत हे आपल्याला दिसत असतं, तरी ड्रायव्हर "आवी जाव, खाली छे" म्हणतो. तो गणितात पक्का असतो. मागे चार, त्याच्या एका मांडीपाशी एक, दुसऱ्या मांडीपाशी एक, आणि मध्ये जे उरतं त्यात तो स्वतः.

हॉटेलच्या मॅनेजरने आम्हाला आधीच बजावलं होतं. शटल रिक्षात शेजारी बसलेला माणूस "जरा पुढे सरका, जरा मागे सरका" करायला लागला, किंवा त्याला अचानक मळमळायला लागलं, तर खिसा धरून उतरून जा. त्यामुळे ही रिक्षात शिरली ती दोन्ही हातांनी पर्स छातीशी धरून. तिच्या शेजारी एक वयस्क सुरती बाई होत्या. त्या दोन मिनिटांतच म्हणाल्या, "बेन, थोडा खसो ने." हिने माझ्याकडे पाहिलं. मी ड्रायव्हरच्या डाव्या मांडीपाशी अर्धा बाहेर लोंबत होतो, माझ्याकडून मदतीची काही शक्यता नव्हती. बाई पुन्हा म्हणाल्या, "खसो." ही जागची हलेना. शेवटी त्या बाईंनी हात घातला तो आमच्या साड्यांच्या गठ्ठ्यात. गठ्ठ्याची सुतळी त्यांच्या बरगडीत टोचत होती, म्हणून तो उचलून त्यांनी मांडीवर घेतला आणि तसाच धरून बसल्या. उतरायच्या आधी त्यांनी विचारलं, "केटला नी लीधी?" हिने जरा कमी करूनच किंमत सांगितली. बाईंनी गठ्ठ्याच्या फटीतून एका साडीचा पदर दोन बोटांत चुरून पाहिला, हिच्याकडे पाहिलं, आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "आटला बधा?"

खिसा कापला असता तर बरं, असं ही रात्री जेवतानाही म्हणत होती. आणि जेवण तर सुरतचं होतं. माणसाने सुरतेत जेवावं आणि काशीत मरावं अशी म्हण गुजरातीत आहे. लोचो नावाचा एक पदार्थ पुढे आला होता. लोचा म्हणजे घोळ. पीठ बिघडलं, आकार सुटला, तरी वरून तेल आणि शेव घालून विकायला काढला आणि लोकांनी डोक्यावर घेतला, अशी त्याची ख्याती. आमच्या त्या दिवसाच्या प्रवासाला हे एका शब्दातलं वर्णन पुरेसं होतं.

परदेशी पाहुण्यांचे वाहनाच्या बाबतीत हाल करायची सुरतेची परंपरा मात्र जुनी आहे. सतराव्या शतकात युरोपातली जहाजं तापीच्या मुखापासून दूर, सुवाळीच्या किनाऱ्याला लागत. तिथून शहर कित्येक मैल. उतरलेला गोरा साहेब वाळूत पेटाऱ्यावर बसून गाडीची वाट बघे. तेव्हाही आधी जकातवाल्यांशी हुज्जत आणि मग वाहन. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो इथे उतरला, तेव्हा माझ्या माणसांची झडती घ्यायची नाही म्हणून तो अडून बसला होता. १६२३ साली आलेला इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले मात्र इथल्या बैलगाड्यांवर खूश झाला. पांढरे, उंच वशिंडाचे बैल घोड्यांसारखे दौडतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. पाचपैकी पाच तारे.

पण या सगळ्यांत माझा खरा आवडता टॉमस कोर्याट. हा इंग्रज गृहस्थ आलेप्पोपासून अजमेरपर्यंत चालत आला. पायी. दहा महिन्यांत त्याने एकंदर तीन पौंड खर्च केले आणि त्याचा हिशेबही ठेवला. चुकून इंग्लंडात जन्माला आला, सदाशिव पेठेत शोभला असता. पुढे तो सुरतेला पोचला, तेव्हा पोट बिघडलेलं होतं. इथल्या इंग्रज व्यापाऱ्यांनी आग्रहाने दारू पाजली आणि १६१७ च्या डिसेंबरात तो सुरतेतच वारला. आयुष्यभर ज्याने गाडीचं भाडं वाचवलं, तो फुकटच्या पाहुणचाराने गेला. ही गोष्ट मी हिला लोचो खाताना सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे उद्यापासून चालायचं, असं सुचवताय का?"

चालायचं नव्हतं, पण मला एक ठिकाण बघायचं होतं. कतारगाम दरवाजाजवळ जुनी इंग्रजी दफनभूमी आहे. तिथे सर जॉर्ज ऑक्झेंडनचं थडगं आहे. महाराजांच्या पहिल्या स्वारीत इंग्रजांची वखार याच माणसाने लढवून राखली होती. चाळीस साड्या घेऊन झाल्या होत्या, गाडी संध्याकाळची होती. मी अ‍ॅपमध्ये ठिकाण टाकलं आणि या वेळी रिक्षा नको म्हणून कार बोलावली. कार आली. चक्क हॉटेलच्या दारात, फोन न करता. ड्रायव्हर तिशीचा, गंभीर चेहऱ्याचा. त्याने उतरून दार उघडलं. भाच्याचा सिद्धान्त आज खरा होणार, असं वाटलं.

"ओटीपी?"

"सदतीस सदुसष्ट."

"साडत्रीस?" त्याने विचारलं.

"नाही नाही, साडे वगैरे काही नाही. पूर्ण सदतीस."

"हां, साडत्रीस."

"अहो, साडेतीस कसं असेल? साडेतीसचा ओटीपी असतो का कुठे?" मी बोटं दाखवायला लागलो. तीन एका हाताची, सात दोन्ही हातांची मिळून. त्याने माझ्या बोटांकडे शांतपणे पाहिलं.

"आप्पा," तो म्हणाला, "सदतीसच म्हनतोय मी. गुजरातीत त्याला साडत्रीस म्हनतात. मी अमळनेरकडचा."

चार दिवस मी ज्या शहरात छे-छे करत हिंडलो, तिथे लिंबायत, उधना, पांडेसरा अशा भागांत लाखांनी मराठी माणसं राहतात. भुसावळहून सुरतेला येणारी रेल्वे जळगाव, अमळनेर, नंदुरबार घेत येते, आणि खानदेशातली पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं तिने इथे आणून सोडली आहेत. याचे वडील लूमवर कामाला आले, हा गाडी चालवतो. पहिल्या दिवशीच्या दीडशेवाल्याशी मी मराठीत बोललो असतो, तर काय झालं असतं कुणास ठाऊक. ही म्हणाली, "मी बोललेच होते की मराठीत."

गाडी निघाली, पण काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. त्याने गाणी बंद केली होती. तो फार सावकाश चालवत होता. सिग्नलला थांबल्यावर त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "आप्पा, कोन गेलं?"

"कुठे?"

"कबरस्तान लावलंय ना तुम्ही. जवळचं होतं का कोनी?"

मग मला उलगडा झाला. तो फोन न करता दारात का आला, दार का उघडलं, चेहरा का तसा होता. "नाही हो," मी घाईने म्हणालो, "कुणी गेलं नाही. म्हणजे गेलं आहे, पण सोळाशे एकोणसत्तर साली."

त्याने गाडी बाजूला घेतली. आता मला सगळं नीट सांगणं भाग होतं. ऑक्झेंडन कोण, वखार कुठली, तो कसा लढला. त्याने सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"म्हनजे महाराजांच्या विरुद्ध लढला तो?"

"हो."

"मग आपन कशाला जायचं त्याच्याकडे?"

पुण्यात निवृत्तीनंतर मी इतिहासाच्या बऱ्याच सभांना हजेरी लावली आहे. इतका थेट प्रश्न एकाही वक्त्याला कुणी विचारलेला मी ऐकला नाही. मी "बघायला" असं काहीसं पुटपुटलो. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. घरून होता. "गाडीमा स्वारी शे," तो अहिराणीत म्हणाला, आणि मी जरा ताठ बसलो. तीनशे-साडेतीनशे वर्षांत सुरतेत या शब्दाचं काय झालं, ते माझ्या रूपाने मागच्या सीटवर बसलं होतं, पोटाशी साड्यांचा गठ्ठा धरून.

थडगं बाकी पाहण्यासारखं आहे. घुमट, खांब, दुमजली बांधणी. लांबून पाहिलं तर कुणा सुलतानाचं वाटावं, आणि आत झोपलेला कंपनीचा नोकर. शेजारी भाऊ ख्रिस्तोफर, तो आधीच, १६५९ साली गेला. ड्रायव्हरही आमच्याबरोबर आत आला. कंपाउंडात कबुतरं होती आणि एक मुलगा एकटाच भिंतीवर चेंडू मारत होता. ड्रायव्हरने घुमटाभोवती एक चक्कर मारली, वर पाहिलं, आणि "जागा चांगली दिलीये त्याला" एवढाच अभिप्राय दिला. मग बाहेर जाऊन घरी फोन लावला. भिंतीपलीकडून त्याचं अहिराणी ऐकू येत होतं. मला सगळं कळत नव्हतं, पण 'पुना', 'कबरस्तान' आणि 'सोळाशे' हे शब्द पुन्हा पुन्हा येत होते, आणि पलीकडून बाईचा आवाज चढत होता.

आम्ही गाडीपाशी आलो, तर तो दार अडवून उभा होता. हातात डिकीतून काढलेली पाण्याची बाटली.

"आप्पा, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "बायको म्हनते, साल कोनतं का असेना. पाय धुवा, मगच गाडीत बसा."